ताथवड्यातला शेवटचा प्रेक्षक

ताथवड्यात सध्या प्रेक्षकांचा भयंकर तुटवडा आहे. पाण्याचा आधीपासून होताच. पण पाणी संपलं तर टँकरवाल्याला फोन लावता येतो. प्रेक्षक संपले तर कुणाला लावायचा?

कलाकार मात्र सांडून उरलेत. आमच्या एका इमारतीचाच हिशेब देतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तेलाचा थेंब न वापरता वडे करून दाखवतात. सातव्यावरचे एक गृहस्थ रोज सकाळी नऊला शेअर बाजार आज कुठे जाणार ते सांगतात, आणि दुपारी साडेतीनला तो तिकडे का गेला नाही तेही सांगतात. अकराव्यावरचा इंजिनिअर गिटार वाजवतो. चौदाव्यावर एक मांजर आहे. तिचं स्वतःचं इन्स्टाग्राम खातं आहे आणि घरात खरी कमावती तीच, असं तिच्या मालकिणीच्या सासूबाईंचं मत आहे. गेटवरचा परभणीचा पोरगा रात्रपाळीत पार्किंगमध्ये उभा राहून शायरी म्हणतो. बेसमेंटमध्ये आवाज घुमतो म्हणे. ही सगळी मंडळी एकमेकांचं काहीही बघत नाहीत. वेळच नसतो. वडे न तळून झाले की त्यांचं एडिटिंग असतं.

मग उरतो मी. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. गाता येत नाही, नाचता येत नाही, चहापलीकडे स्वयंपाक येत नाही. मतं भरपूर आहेत, पण ती घरातसुद्धा कुणी ऐकून घेत नाही. म्हणजे अंगी एकही कला नसलेला आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालेला माणूस. अशा माणसाला पूर्वी समाजात कुणी विचारत नसे. आज मी लिफ्टमध्ये शिरलो की तीन-चार फोन माझ्या नाकासमोर येतात. "काका, एवढं बघा ना." "काका, शेवटपर्यंत बघा हं, मध्येच सोडलं की रीच पडतो." रीच पडला म्हणजे कुणाला कितपत लागतं हे मला अजून समजलेलं नाही, पण त्यांचे चेहरे बघून लागत असावं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. ताथवडे म्हणजे मुंबई-बेंगळुरू महामार्गाला खेटून, वाकड आणि पुनावळ्याच्या मधे, हिंजवडीच्या आयटी पार्कच्या शेजारी. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि उसाच्या जागी टॉवर उगवले. नृसिंहाच्या देवळाभोवती जुनं गाव अजून टिकून आहे. कॉलेजं इतकी, की चहाच्या टपरीवरसुद्धा एमबीएच्या भाषेत उधारी मागतात. आणि या सगळ्याच्या मधोमध पशुसंवर्धन खात्याचं वळूमाता प्रक्षेत्र. एकीकडे बावीस मजले, एकीकडे निवांत चरणारी गुरं. परिसरात स्वतःचं चॅनेल नसलेले सजीव म्हणजे मी आणि ही गुरं. त्यांचं कारण मी समजू शकतो. सरकारी सेवेत आहेत, वरिष्ठांची परवानगी लागत असणार.

आता कुणी म्हणेल, प्रेक्षक असण्यात एवढं काय? नुसतं बसायचं तर असतं. हे ज्यांना वाटतं ते कधी चांगले प्रेक्षक नव्हते. प्रेक्षक असणं हे अंगमेहनतीचं काम होतं आणि त्याला हक्क होते.

आमच्या कारखान्याचा संघ कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरायचा. दिवसभर लेथवर उभी राहणारी माणसं संध्याकाळी दाढीमिशा चिकटवून मोगल व्हायची. एका वर्षी आमचे फोरमन संभाजीराजे झाले होते. आवाज खणखणीत, देह भारदस्त, संवाद तोंडपाठ. पडदा वर गेला, राजांनी तलवार उपसली, सभागृह चिडीचूप झालं, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, ओव्हरटाइमचं काय झालं?" दुसरा कुणी असता तर कोसळला असता. राजांनी शांतपणे तलवार म्यान केली, आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "दरबार संपल्यावर भेटा." त्या रात्री सर्वांत मोठी टाळी नाटककाराच्या नसलेल्या या वाक्याला पडली. परीक्षकांनी गुण कापले असतील. आम्ही नव्हते कापले. पुढे ओव्हरटाइमही मिळाला, पण तो विषय वेगळा.

सांगायचं म्हणजे, तेव्हा प्रेक्षकाला तोंड होतं. तमाशात तर प्रेक्षकाशिवाय वग पुढे सरकायचा नाही. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागायच्या, अजूनही लागतात. गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला तिथे जातात. त्या फडातला सोंगाड्या समोरच्या पब्लिकमधून आलेला टोमणा झेलायचा आणि दुप्पट करून परत फेकायचा. ज्याला तो लागायचा तो माणूस वर्षभर गावात मिरवायचा. संगीत नाटकात बालगंधर्वांना 'वन्स मोअर' देऊन देऊन लोकांनी पहाट केल्याच्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढीनं ऐकवल्या. पद पुन्हा हवं असेल तर घसा ताणून मागावं लागे, आणि समोरच्या माणसाला ते पुन्हा गावं लागे. दोघांचेही घसे बसत.

आता वन्स मोअर मागावाच लागत नाही. रील संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा वडा मी एकदा फोन हातात धरून डुलकी लागल्यामुळे पाऊण तास पाहिला. त्यांना वाटलं मला फारच आवडला. दुसऱ्या दिवशी डबा आला. तेल खरोखरच नव्हतं.

टोमॅटो फेकण्याचा हक्कही गेला. यूट्यूबवर पूर्वी उलट्या अंगठ्याचं बटण होतं, आणि किती जणांना व्हिडिओ आवडला नाही तो आकडा सगळ्यांना दिसायचा. नोव्हेंबर २०२१ पासून आकडा दिसेनासा झाला. बटण आहे, दाबता येतं. पण टोमॅटो फेकलेला फक्त फेकणाऱ्याला आणि ज्याला लागला त्याला कळतो. बाकीच्या थिएटरला वाटतं, खेळ झकास चाललाय. शिट्टी, टोपी उडवणं, खुर्चीचा हात आपटणं, सोंगाड्याला डिवचणं, या सगळ्या वाङ्मयाच्या जागी एक बदाम आला. तोही लाल. निवृत्त माणसानं शेजारच्या वहिनींच्या वड्याला लाल बदाम द्यावा का, हा प्रश्न माझ्या घरात एकदा चर्चेला येऊन गेला आहे. तेव्हापासून मी निळा अंगठा शोधत असतो.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत लहान मुलांचा नाच असतो. यंदा मागे एलईडी पडदा होता, पुढे धूर होता, नऊवारीतल्या दहा चिमुरड्या होत्या आणि समोर खुर्च्यांवर दहांचे वीस पालक. गाणं सुरू झालं, तसे वीसही पालक उभे राहिले आणि वीस हात वर गेले. आरतीला उठतात त्याहून एकदिलानं. मागच्यांना काही दिसेना म्हणून त्यांनी हात आणखी वर केले. प्रत्येक आई पडद्यावर बोटांनी आपलीच मुलगी मोठी करून बघत होती, त्यामुळे नाचात एकूण दहा मुली आहेत हे बहुधा फक्त मला ठाऊक होतं. मुली हुशार. त्यांना पहिल्या कडव्यातच कळलं की आपलं गिऱ्हाईक म्हणजे माणसं नव्हेत, फोन आहेत. त्या आपापल्या फोनकडे वळल्या. दहा मुली दहा दिशांना लाजत, मुरकत नाचू लागल्या. एकीची आई डाव्या खांबामागे उभी राहिली होती. ती मुलगी उरलेलं पूर्ण गाणं खांबाकडे बघून नाचली.

गाणं संपलं. मी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या पटांगणात एकट्याच्या टाळ्या कशा वाजतात हे अनुभवल्याशिवाय समजायचं नाही. बाकीच्यांना टाळी वाजवायची नव्हती असं नाही हो. त्यांचा एक हात फोनला होता आणि एका हातानं टाळी वाजत नाही, हे तर आपले पूर्वज सांगूनच गेलेत. नाच बसवणारी ताई धावत माझ्याकडे आली. मला वाटलं, आभार मानायला. म्हणाली, "काका, क्लिप कट झाल्यावर वाजवली तुम्ही. परत एकदा देता का, जरा लांब?" मी दिली. तिला ऊन-सावली पटेना, म्हणून आणखी एकदा दिली. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, त्यात हजारो लोकांच्या टाळ्यांचा कडकडाट होता. माझी टाळी त्यात कुठेच नव्हती. कुठल्या तरी परदेशी स्टेडियममधली तयार टाळी बसवली होती.

माझा भाचा चाकणला एका वाहन कंपनीत आहे. तिथे गेटवर सिक्युरिटीवाले प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. दिवसातले तेवढेच आठ तास तो जग स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पाळी सुटली की स्टिकर निघतं आणि कलाकार जागा होतो. त्याचा विषय बैलगाडा शर्यत. आता या विषयात मजा काय झाली आहे पाहा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या. बैल घरी बसले. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. पण मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा, म्हणजे आमच्या सोसायटीतल्या नव्हे, इतर गावांतल्या पाण्यासारखा वाहू लागला. बैल घाटातून, म्हणजे शर्यतीच्या चढावरून, गेला तेव्हा प्रेक्षकांच्या खिशात बटणांचे फोन होते. परत आला तर समोर ट्रायपॉड, डोक्यावर ड्रोन आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. एवढा बदल माणसाला सोसत नाही. बैलांनी निमूट सोसला. आता बकासूर, मथूर ही बैलांची नावं पोरांना पाढ्यांपेक्षा पक्की पाठ असतात. बैलाचा वाढदिवस, बैलाचे स्टेटस, बैलाच्या एंट्रीला गाणं. फळीफोड कोण, घाटाचा राजा कोण, हे गावात कळायच्या आधी दुबईत नोकरीला गेलेल्या मंचरच्या पोराला कळतं.

भाचा मला एकदा खेड तालुक्यातल्या एका घाटात घेऊन गेला. मी पूर्वी खूप गाडे पाहिलेत, तेव्हा माझी जागा ठरलेली, निशाणाच्या जरा अलीकडे, उतारावर. बसलो. वर भंडारा उधळलेला, निवेदकाचा घसा बसलेला, गाडामालक फेटे सांभाळत उभे. सगळं तसंच. नवीन एवढंच, की मांडवात लॅपटॉप लावून चार पोरं लाइव्ह करत होती आणि माझ्या आजूबाजूची तरुण मंडळी मान खाली घालून फोनवर तेच लाइव्ह बघत होती. मी शेजारच्याला विचारलं, "अरे, समोर बैल पळणारेत, फोनमध्ये काय बघतोस?" म्हणाला, "काका, इथनं निशाण नीट दिसत नाही. फोनमध्ये सेकंद पण येतो."

बारी सुटली. भिर्रर्र अशी आरोळी उठली, घोडी पुढे, मागून चार बैलांचा धुरळा, आणि जेमतेम बारा सेकंदांत गाडा माझ्यासमोरून वर निघून गेला. मी आणि तिघे-चौघे म्हातारे उठून ओरडलो, टोप्या उडवल्या, बसलो. धुरळाही खाली बसला. सगळं शांत. आणि मग माझ्या भोवतालची पन्नास-साठ पोरं एकदम उसळून ओरडली, "आलाऽऽ रे आलाऽऽ!" मी दचकून घाटाकडे बघितलं. घाटात एक कुत्रं होतं.

प्रकार असा, की लाइव्ह म्हणतात ते थोडं मागून येतं. कॅमेऱ्यातून लॅपटॉपमध्ये, तिथून कुठल्या तरी देशातल्या सर्व्हरवर आणि तिथून परत याच घाटात, अशी चित्राची वारी होते; वीस-तीस सेकंद सहज जातात. बारी बाराच सेकंदांची. त्यामुळे खरा बैल पोचून, वैरण बघून, शेपटी हलवत उभा राहिला तरी फोनमधला बैल अजून सुटायचा असतो. दिवसभर त्या घाटात प्रत्येक गाड्याला दोनदा आरोळी पडत होती, एकदा म्हाताऱ्यांची, एकदा तरुणांची. बैल बिचारे दुसऱ्या आरोळीला कान टवकारायचे आणि आपण अजून पळतोय की काय, असं एकमेकांकडे बघायचे. एका गाडामालकानं मात्र याचा फायदा घेतला. गाडा हुकला होता, तरी पोरांचे चेहरे पडायच्या आत त्यानं फेटा सावरून एक विजयी फोटो काढून घेतला.

घरी वेगळीच तऱ्हा. आमच्या हिची मालिका टीव्हीवर संध्याकाळी आठला लागते, पण पैसे भरणाऱ्यांना तोच भाग मोबाइलवर आधी दिसतो. मुलानं वर्गणी भरून दिली आणि ही एका रात्रीत त्रिकालदर्शी झाली. सकाळी बागेत फिरणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये आता उघड दोन तट आहेत. आधीवाल्या आणि नंतरवाल्या. आधीवाल्या बाकावर बसतात, काही बोलत नाहीत, नुसत्या सुस्कारा सोडतात. नंतरवाल्यांच्या पोटात गोळा येतो. "सांग गं, सासू मरते का?" "मी काही बोलले का?" अशा एका सुस्काऱ्याच्या बदल्यात हिला मागच्या महिन्यात कैरीचं लोणचं मिळालं. आठ वाजता ही पुन्हा टीव्हीसमोर असतेच. मालिका बघायला नव्हे. शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून त्यांचा चेहरा बघायला.

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही मोजके. ज्यांच्याकडे होता त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. रावण मरणार हे वाल्मीकींपासून सगळ्यांना माहीत होतं, तरी एकानंही सुस्कारा विकला नाही. आता आमच्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही आहे आणि तो चालू असताना मुलगा लॅपटॉपवर कोरियन मारामाऱ्या बघतो, सूनबाई कानात बोंडं खुपसून एका खुनाची हकिकत ऐकत भाजी निवडते, नात टॅबवर दुसऱ्या एका मुलीला खेळणी उघडताना बघते. त्या मुलीकडची खेळणी नातीकडेही आहेत, खोक्यात बंद. उघडायला वेळ नाही. टीव्ही कुणासाठी चालू आहे, असं विचारलं तर तिघं एका सुरात म्हणतात, "राहू द्या, घर भरल्यासारखं वाटतं."

तर असा सगळीकडे मी एकटा बघणारा, म्हणून मला बघणारेही निघाले. टीव्हीच्या जमान्यात देशभरात पन्नास-पंचावन्न हजार घरांत मीटर लावून अख्ख्या देशाला काय आवडतं ते ठरवत. असं मीटर असलेला माणूस मला जन्मात भेटला नाही; भुताबद्दल ऐकतो तसं ऐकलं फक्त. आता मीटर खिशातच. एकदा फोनवर बोअरवेल मारतानाचा व्हिडिओ आला. जत तालुका असावा. मशीन घरघरतंय, धूळ उडतेय, आणि अचानक फसकन पाण्याचा फवारा. आमच्या टँकरवर जगणाऱ्या माणसाचा अंगठा तिथे क्षणभर थांबला, यात नवल ते काय? पण फोननं ते पाहून ठेवलं. तेव्हापासून मला बोअरवेलशिवाय काही दिसत नाही. कर्नाटकातल्या बोअर, राजस्थानातल्या बोअर, एक तर आफ्रिकेतली. पाणाड्या नारळ तळहातावर आडवा धरून शेतातून चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खणा म्हणतो, असले व्हिडिओ तर डझनानं. कीर्तन बघायला जावं तर मधे बोअर. आता सोसायटीच्या कमिटीत मला या विषयातला तज्ज्ञ समजतात. गेल्या सभेत मी साडेसहा इंची बोअर आणि केसिंग पाइप यांवर दहा मिनिटं बोललो आणि प्रथमच आयुष्यात कुणी तरी माझं मत लिहून घेतलं.

मी फार कुरकुरतोय असं वाटत असेल तर एक कबूल करायला हवं. पूर्वी गावातल्या पोराला नट व्हायचं म्हणजे मुंबईची गाडी धरायची, कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकायची आणि पुढची दहा वर्षं हवालदाराच्या मागे उभा दुसरा हवालदार व्हायचं. 'गावाकडच्या गोष्टी' करणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातूनच वेबमालिका केली आणि ती मुंबईवाल्यांनी पाहिली. पुण्यामुंबईच्या पोरांनी २०१६ मध्ये 'भाडिपा' हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं आणि आपल्या आयांच्या तोंडची वाक्यं आयांनाच ऐकवून हसवलं. ही खरी कामगिरी. यात कुणी निर्मात्याचे उंबरे झिजवले नाहीत. माझा आक्षेप कलाकार वाढले याला मुळीच नाही. गेटवरच्या परभणीच्या पोराचे दोन शेर तर इतके बरे आहेत की मी ते चुकून मुलाला माझे म्हणून ऐकवले. आक्षेप एवढाच, की नाटक कंपनीत सगळेच संभाजी झाले तर मागच्या रांगेतून ओव्हरटाइमचं विचारायचं कुणी?

हे मी भाच्याला सांगत होतो. तो माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होता. खाटीक बकऱ्याकडे बघतो तशी ती नजर आहे हे मला उशिरा कळलं. त्याची अडचण अशी, की यूट्यूबकडून जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी चॅनेल मिळून ४००० तास पाहिलेलं असावं लागतं. सबस्क्रायबर त्यानं आईकडून, म्हणजे माझ्या बहिणीकडून, सगळ्या नातेवाइकांना फोन करवून जमवले होते. भाऊबीजेला ओवाळणीऐवजी सबस्क्राइब घेतलं होतं तिनं. तास जमत नव्हते.

"मामा, मी भागाकार केला," तो म्हणाला. "रोज अकरा तास."

"कशाचे?"

"तुम्ही बघितलं तर. वर्षभरात ४०१५ होतात. वरचे १५ तास तुम्हाला सुट्टी."

मी नाही म्हणालो. तसा मी कामाला डरत नाही, पण साप्ताहिक सुट्टी नाही, पीएफ नाही, आणि कामाच्या जागी चहा ज्याचा त्यानं करायचा, या अटी मला मान्य नव्हत्या. तेव्हा त्यानं दुसरा तोडगा काढला. म्हणाला, हल्ली लोकांना मूळ व्हिडिओपेक्षा तो बघणारा माणूस बघायला आवडतो. 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. "तुम्ही काही करू नका मामा. नुसतं बघा. मी तुम्हाला शूट करतो."

हॉलमध्ये खुर्ची मांडली. टीव्हीवर घाटातल्या फायनलचा व्हिडिओ लावला, टीव्हीच्या डोक्यावर फोन बसवला आणि माझ्या तोंडावर सूनबाईचा गोल दिवा सोडला. मी बघू लागलो. इतकी वर्षं ज्या कामाची मजुरी मिळाली नाही ते काम आज कुणी तरी नोंदवून घेतंय म्हटल्यावर मीही मन लावून बघितलं. गाडा सुटताच पुढे सरकलो, धुरळ्यात डोळे बारीक केले, निशाणाला अर्धा उठलो, "भिर्रर्र" म्हणालो आणि बसलो. चहाचा घोट घेतला. एवढंच.

व्हिडिओ दोन दिवसांत भाच्याच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. खाली लोक लिहीत होते, "काकांचा पेशन्स बघा", "हे काका खरे आहेत की एआय?", "बीपीची गोळी घ्या काका", "चहा कुठला?" शेअर बाजारवाल्या गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये प्रथमच फोन न दाखवता नमस्कार केला. वहिनींनी डबा पाठवला. पुढच्या व्हिडिओत मी चहाबरोबर तेलविरहित वडा खावा अशी त्यांची सूचना होती. मांजराच्या मालकिणीनं एकत्र व्हिडिओ करू का, असं विचारलं. मानधन अर्धं-अर्धं, मांजराचं आधी.

रात्री बहिणीचा चाकणहून फोन आला. गहिवरली होती.

"दादा, अरे किती छान बसला होतास! आम्ही सगळ्यांनी बघितलं. ह्यांनी तर दोनदा बघितलं. अगदी आपले अण्णा बसायचे तस्साच बसलास बघ."

"हो का? बरं वाटलं."

"नाही, बसलास छानच. पण वहिनीला सांग, मागचा पडदा एकदा धुवायला टाक म्हणावं. सगळ्या महाराष्ट्राला दिसतोय."